दुपट्टा ईमानाचा की लाजेचा?

देवळी हे कुस्तीचे गाव. विदर्भ केसरी रामदास तडस इथलेच; २०१४ आणि २०१९ अशा दोन निवडणुकांत वर्ध्याने त्यांना खासदार म्हणून दिल्लीला पाठवले. इथल्या माणसाला तासलेल्या डोक्याचे वावडे नाही. लाल मातीतून उठलेला पैलवान गुळगुळीत डोक्याने बाजारातून चालला की लोक आपणहून वाट देतात. मोहल्ल्यातला हाजी डोके उतरवून हजहून परततो तेव्हा आपण त्याच्या गळ्यात हार घालतो. अकीक्याला सातव्या दिवशी बाळाचे केस उतरवतो आणि त्या केसांच्या वजनाइतकी चांदी खैरात करतो. तेव्हा बिनकेसाचे डोके आपल्याला मुळातच ओंगळ वाटते, असे कुणी म्हणू नये.

आता समजा, याच देवळीत कॉलेजात शिकणारी, मैदानावर धावणारी, खो-खो खेळणारी आपली एखादी मुलगी केस गेलेल्या डोक्याने उघडपणे वावरू लागली. मग काय होईल? हे सांगायला कुणी नजूमी नको. गल्लीतली पोरे 'गंजी' म्हणून हाका मारतील. कुणी खाला येऊन नजर उतरवतील, कुणी तावीज सुचवतील, कुणी कांद्याचा रस. शेजारीण आपल्या लेकराला तिच्याजवळ बसू देणार नाही. अम्मीला रिश्त्याची काळजी लागेल आणि पहिली गदा येईल ती तिच्या खेळावर. या सगळ्यात एक वाक्य फार मायेने बोलले जाईल, "बरे झाले बाई, आपल्यात दुपट्टा असतो. झाकून जाईल!"

आमचे भांडण या मायेच्या वाक्याशी आहे.

आधी आजाराचे नाव नीट घेऊ. मराठीत याला चाई म्हणतात, उर्दूत बालखोरा आणि डॉक्टर अॅलोपेशिया एरियाटा म्हणतात. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी चुकून केसांच्या मुळांवरच हल्ला करतात आणि केस गळतात. कुणाचा रुपयाएवढा चट्टा पडतो, कुणाचे सगळे डोके मोकळे होते, कुणाच्या भुवया आणि पापण्याही जातात. शंभरांतल्या सुमारे दोघांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार गाठतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. डोक्यात होणारा नायटा संसर्गाने पसरतो, तो वेगळा. दोन्हींची गल्लत करून आपण निर्दोष मुलीला वाळीत टाकतो. कुणाचे केस आपोआप परत येतात, कुणाचे येत नाहीत. गंभीर आजारासाठी बॅरिसिटिनिब नावाच्या गोळीला अमेरिकेत जून २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. पण औषध महाग, गुण सर्वांनाच येतो असे नाही, आणि देखरेख डॉक्टरांचीच लागते. या आजाराने धावण्याचे बळ जात नाही. गुडघे, फुफ्फुसे, हिंमत, सारे जागेवर असते. मग तिने मैदान का सोडावे?

आमच्या म्हणण्यात अतिशयोक्ती वाटत असेल तर आपल्याच विदर्भातल्या शेगाव तालुक्याकडे पाहा. तिथला आजार वेगळा होता, पण समाजाची वागणूक हीच होती. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या १८ गावांतील २७९ माणसांचे केस एकाएकी गळाले. 'टक्कल व्हायरस' असे नाव वर्तमानपत्रांत झळकले. व्हायरस नव्हताच. विंचूदंशावरच्या संशोधनाने प्रसिद्ध असलेल्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. केस गेलेल्यांत कॉलेजातली मुले-मुली होती. कुणी लाजेने उरलेले केसही उतरवून टाकले. कुणाचे शिक्षण थांबले, कुणाचे लग्न अडले. केस तर पुढे बऱ्याच जणांचे परत उगवले. पण मोडलेला रिश्ता आणि बुडालेले वर्ष केसांसारखे उगवून येत नाही. गव्हाने केस नेले. रिश्ता आणि शाळा मात्र माणसांनी नेली.

आता दीनाचे नाव घेऊन बोलणाऱ्यांशी दीनाच्याच भाषेत बोलू. सहीह बुखारीत बनी इस्राईलच्या तिघांची हकीकत आहे. एक कोढी, एक टकला, एक आंधळा. अल्लाह त्यांची परीक्षा घेतो. फरिश्ता टकल्याला विचारतो, तुला काय हवे? तो चांगले केस मागतो, आणि लोक ज्यामुळे आपला तिटकारा करतात ते जावे म्हणतो. ही हकीकत आपण वाझमध्ये अनेकदा ऐकली, पण त्याच्या मागणीतला 'लोक' हा शब्द कानावरून निसटून गेला. त्याला डोक्याइतकेच लोकांनी छळले होते. पुढे त्याला केस मिळतात, गाय मिळते, गाईंनी खोरे भरते. मग तोच फरिश्ता गरीब टकल्याच्या रूपात दारी येऊन मदत मागतो आणि हा त्याला हाकलतो. अल्लाहची नाराजी त्याच्यावर केव्हा होते? डोक्यावर केस नव्हते तेव्हा नव्हे. केस आल्यावर, दुसऱ्या टकल्याला ओळख न दिल्याबद्दल होते.

दुसरी हकीकतही हदीसच्या याच किताबात आहे. एक आई हुजूर (सल्ल.) यांच्याकडे येते. मुलीचे लग्न ठरले आहे आणि आजारात तिचे केस गळाले आहेत. परके केस जोडू का, असे ती विचारते. तिला मनाई होते. आजच्या विगबद्दल उलेमांची मते एकसारखी नाहीत, आणि फतवा देणे हे आमचे काम नाही. पण एवढे आम्ही जरूर म्हणू की केस गळालेली मुलगी चौदाशे वर्षांपूर्वीही होती, तिची आई तेव्हाही काळजीत होती, आणि तिला फसवणुकीची वाट दाखवली गेली नाही. निकाहपर्यंत लपवा, नंतर बघू, असे सांगणाऱ्या बड्या-बुजुर्गांनी हे ध्यानात घ्यावे. मुलाकडच्यांना पहिल्या दिवशी सांगा. जो ऐकून परत जाईल तो जाऊ द्या. तो उद्या आजारी बायकोचेही काय करणार होता?

आणि दुपट्टा. आपली मुलगी डोक्यावर दुपट्टा घेते तो ईमानाने, अल्लाहची बंदी म्हणून. तिने तो घेऊन खेळावे, तिला कुणी अडवू नये. आता तर फुटबॉलच्या नियमांत २०१४ पासून आणि बास्केटबॉलमध्ये २०१७ पासून डोके झाकून खेळायला मुभा आहे. ती घेत नसेल तर तो तिचा आणि तिच्या रबचा मामला. पण 'तुझे डोके बघवत नाही म्हणून झाक' असे तिला सांगणारे आपण कोण? असे सांगितले त्या क्षणी तो दुपट्टा इबादतीचा राहत नाही, मोहल्ल्याच्या लाजेचा होतो. एका पवित्र गोष्टीचा आपण पडदा म्हणून वापर करतो, आणि वर दीनदारीचा आव आणतो. शिवाय दुपट्ट्याखाली बायकांच्या बैठकीत, वुजूच्या वेळी, नणंद-जावांच्या घोळक्यात डोके उघडे पडतेच. तिथे तिला कोण वाचवणार?

बाईच्या केसांवर समाजाने हक्क सांगावा, ही गोष्ट एकट्या मुसलमानांची नाही. याच महाराष्ट्रात विधवेचे डोके जबरदस्तीने भादरले जाई. १८९० साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी संप केला आणि विधवांवर वस्तरा चालवायला नकार दिला. तेव्हा केस असलेल्या बाईला बिनकेसाची करून कोपऱ्यात बसवत होते. आज बिनकेसाची झाली म्हणून कोपऱ्यात बसवतात. कोपरा तोच आहे.

ज्यांनी कोपरा नाकारला त्यांची उदाहरणे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. चार्ली व्हिलान्युएवाचे केस लहानपणीच गेले. पुढे भुवयाही राहिल्या नाहीत. तो अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळला. हजारो प्रेक्षकांपुढे, टीव्हीच्या कॅमेऱ्यांपुढे, तसाच. २००४ साली त्याच्या विद्यापीठाने राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. २००५ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत त्याचा सातवा क्रमांक लागला आणि मार्च २००६ मध्ये त्याने एका सामन्यात ४८ गुण केले. चाई झालेली मुले त्याला भेटायला येत, तो त्यांना वेळ देई. इंग्लंडच्या जोआना रोसेलचे केस दहाव्या वर्षी गेले. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये तिने सांघिक सायकल शर्यतीत सुवर्णपदक मिळवले आणि हेल्मेट काढून ती तशीच पदक घ्यायला उभी राहिली. २०१६ मध्ये रिओला पुन्हा सुवर्ण मिळवले.

ते गोरे, ते अमेरिकन, आपल्याकडे असे चालत नाही, असे म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या केतकी जानींना पाहावे. त्यांनी बालभारतीत नोकरी केली, जिथून आमच्या उर्दू शाळांचीही पुस्तके येतात. सगळे केस गेल्यावर त्यांनी डोक्यावर गोंदवून घेतले आणि त्याच डोक्याने सौंदर्यस्पर्धेच्या मंचावर उभ्या राहिल्या.

कुणी म्हणेल, समाजापुढे तालीम, रोजगार, सुरक्षितता असे डोंगराएवढे प्रश्न असताना तुम्ही केसांचे काय घेऊन बसलात? आम्ही उलट विचारतो, २००६ च्या सच्चर अहवालाचे दाखले देत आपण तालीमच्या परिषदा भरवतो, त्या कुणासाठी? मोठ्या मुश्किलीने कॉलेजपर्यंत पोचलेली मुलगी टोमण्यांना कंटाळून घरी बसली, तर हा तालीमचाच प्रश्न आहे. सरकारने तिला काढले नाही, फिरकापरस्तांनी काढले नाही. तिला आपण काढले. या एका बाबतीत तरी दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत, त्यांना निधी लागत नाही. वर्गात 'गंज्या', 'टकल्या', 'गंजी' ही नावे चालणार नाहीत, हे आम्हा शिक्षकांनी पहिल्या दिवशी सांगावे आणि वर्षभर पाळावे. आजार लागत नाही, हे मुलांना दोन वाक्यांत समजावून द्यावे. क्रीडाशिक्षकांनी चाचणीत वेळ आणि अंतर मोजावे. टोपी, दुपट्टा, उघडे डोके, ज्याला जे हवे ते त्याचे त्याला ठरवू द्यावे. इमाम साहेबांनी एखाद्या जुम्म्याला त्या तिघांची हकीकत सांगताना टकल्यापाशी थोडे थांबावे. आई-बापांनी तावीजाआधी त्वचेच्या डॉक्टरकडे जावे. आणि खालांनी, फुफ्फूंनी तिला भेटल्यावर केसांबद्दल काही विचारू नये. परवाच्या शर्यतीत कितवी आलीस, ते विचारावे.