भूकंप की अणुस्फोट? लहरीच देतात उत्तर

लातूर, नांदेड किंवा हिंगोली जिल्ह्यात जमिनीतून गूढ आवाज आला, की किल्लारीच्या आठवणीने माणसे घराबाहेर धावतात. अलीकडे मात्र जगात कुठे धक्का बसला, तर आणखी एक शंका घेतली जाते : ही अणुचाचणी तर नव्हे? ऑक्टोबर २०२४मध्ये इराणच्या सेमनान प्रांतात आणि मे २०२५मध्ये पाकिस्तानात बसलेल्या धक्क्यांनंतर समाजमाध्यमांवर हीच चर्चा रंगली. दोन्ही वेळा तज्ज्ञांनी ते नैसर्गिक भूकंप असल्याचे सांगितले. ते कशाच्या आधारावर?

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारोंचे बळी घेणारा भूकंप सुमारे ६.२ तीव्रतेचा होता. उत्तर कोरियाच्या ३ सप्टेंबर २०१७च्या अणुचाचणीची तीव्रताही सहाच्या थोडी वर नोंदली गेली. आकडे जवळपास सारखे, पण भूकंपमापकावरचे आलेख वेगळे असतात. भूकंपात खडकाचे दोन भाग एकमेकांवर घसरतात. त्यामुळे आधी पोहोचणाऱ्या ‘पी’ लहरींमागून येणाऱ्या ‘एस’ लहरी जोरकस असतात. स्फोट खडकाला सर्व बाजूंनी बाहेर ढकलतो. त्यात ‘पी’ लहरी ठळक आणि ‘एस’ लहरी क्षीण दिसतात.

खोलीही महत्त्वाची. उगम दहा किलोमीटर खोल असेल, तर चाचणीची शक्यता उरत नाही. इतक्या खोलवर बॉम्ब कोणी पुरत नाही. कसोटी लागते ती उथळ भूकंपांत. किल्लारीचा भूकंप उथळ होता आणि त्याच्या संहारकतेचे ते एक कारण होते. अशा वेळी लहरींचे परस्पर प्रमाणच निर्णायक ठरते.

अणुचाचणीबंदी कराराच्या देखरेखीसाठी जगभर ३२१ केंद्रे आणि १६ प्रयोगशाळांचे जाळे आखलेले असून, त्यातील बहुतेक सुरू आहेत. भूकंपलहरींबरोबर समुद्रातील ध्वनी, कानाला न ऐकू येणारे हवेतील कंप आणि किरणोत्सारी कण यांचीही नोंद होते. उत्तर कोरियाच्या फेब्रुवारी २०१३मधील चाचणीचा किरणोत्सारी झेनॉन वायू ५५ दिवसांनी जपानमधील केंद्रात सापडला होता.

या जाळ्यालाही मर्यादा आहेत. पोखरणमधील ११ मे १९९८चे स्फोट जगभर नोंदले गेले. १३ मेच्या दोन लहान स्फोटांची नोंद मात्र परदेशी केंद्रांना मिळाली नाही.

भारताने या करारावर स्वाक्षरी केलेली नाही. त्यामुळे जाळ्यातील एकही केंद्र भारतात नाही. कर्नाटकातील गौरीबिदनूर येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे भूकंपमापक १९६०च्या दशकापासून हेच काम स्वतंत्रपणे करत आहेत. दरम्यान, रशियाने २०२३मध्ये कराराची मान्यता मागे घेतली, तर अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ऑक्टोबर २०२५मध्ये चाचण्या पुन्हा सुरू करण्याची भाषा केली. आरोप-प्रत्यारोपांच्या या काळात तटस्थ नोंदींची गरज वाढली आहे.

या देखरेखीचा फायदा सामान्यांनाही झाला आहे. चाचण्या ओळखण्यासाठी १९६०च्या दशकात अमेरिकेने उभारलेल्या जागतिक जाळ्यात पुण्याचेही केंद्र होते. त्याच्या नोंदींतून भूकंपशास्त्र पुढे गेले. मराठवाड्याला याच यंत्रांची गरज आहे. केंद्रे जितकी जवळ आणि दाट, तितका लहान धक्काही अचूक टिपला जातो आणि गूढ आवाजाने रात्र जागून काढणाऱ्या गावाला खात्रीचे उत्तर लवकर मिळते.