वाळवंट निर्मनुष्य कोणी केले?

जॉन फोर्ड यांच्या 'द लॉस्ट पेट्रोल' (१९३४) या चित्रपटात अरब शत्रू जवळजवळ अखेरपर्यंत दिसत नाही. यालाच दिग्दर्शकाचे कौशल्य म्हणून वाखाणले जाते. आम्हांस ते मान्य नाही. १९१७ च्या मेसोपोटेमियात वाट हरवलेल्या ब्रिटिश सैनिकांना पूर्वायुष्य आहे, श्रद्धा आहे, भय आहे. ज्यांची ती भूमी, त्यांना मात्र चेहराही नाही. शेवटी ते दिसतात, तेही मशीनगनला बळी पडण्यापुरतेच. त्या मोहिमेतील ब्रिटिश फौजेत भारतीय सैनिक बहुसंख्य होते. १९१६ साली कूत येथे शरण गेलेल्यांत मराठा पलटणीही होत्या. पडद्यावर त्यांचा मागमूस नाही. हे वाळवंट मानवी एकाकीपणाचे प्रतीक आहे, असे वर्गात शिकवण्यापूर्वी ते निर्मनुष्य कोणी केले, हे आपण विचारणार आहोत की नाही?