एकच पासवर्ड म्हणजे सिंगल साइन-ऑन नव्हे!

आधी एक कबुली. माझी शाळा कॉन्व्हेंटची, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण विषय असा आहे की गप्प बसवत नाही.

आपल्या कॉलेजच्या सर्व्हरवर मूडल आहे, गिटलॅब आहे, लायब्ररीचं कोहा आहे. शिवाय लॅबमधली लिनक्स मशीन्स. पूर्वी प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. मग सगळं एलडॅपला जोडलं आणि नोटीस लागली, "यापुढे एकच पासवर्ड". आम्ही खूष! एलडॅप म्हणजे कोण आपला, कोण परका हे सांगणारा हजेरीपट म्हणा ना. पट चांगलाच आहे. पण पासवर्ड प्रत्येक साइटवर पुन्हा टाइप करावा लागतोच, आणि टाइप केला की तो त्या साइटच्या हातात जातो.

गेल्या सेमिस्टरला नेमकं हेच नडलं. फेस्टच्या रजिस्ट्रेशनसाठी आम्ही चौघांनी साइट बनवली, लॉगिन कॉलेजच्याच पासवर्डने. रात्री दोन वाजता एक एरर सापडेना म्हणून डीबग लॉग चालू केला, तो बंद करायचा राहिला. चार दिवसांनी मी ती फाइल उघडली तर माझ्या रूममेटचा पासवर्ड समोर, साध्या अक्षरांत! तिच्याखाली आणखी कितीतरी जणांचे. कोणाचा हेतू वाईट नव्हता. पण प्रत्येकाला जाऊन "पासवर्ड बदल" सांगताना मान वर होत नव्हती.

म्हणून पद्धत निवडताना माझा पहिला प्रश्न एकच: पासवर्ड कोण कोण बघतं?

याचं उत्तर जुनं आहे. एमआयटीमध्ये १९८३ साली प्रोजेक्ट अथीना सुरू झाला, त्यातून कर्बेरॉस आलं. आपल्या मेससारखंच. मॅनेजरला कार्ड एकदा दाखवायचं, कूपन घ्यायची. वाढणारे काका कूपन बघतात, कार्ड मागत नाहीत. कर्बेरॉसमध्ये कूपनऐवजी तिकीट, आणि पासवर्ड नेटवर्कवरून जातच नाही. लॅबच्या मशीन्ससाठी हेच हवं. फक्त घड्याळं जुळलेली पाहिजेत, साधारणपणे पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की तिकीट नामंजूर. (आपल्या लॅबमधली घड्याळं बघितलीत का कधी?)

पण वेबसाइट्ससाठी कर्बेरॉस वापरायचं तर प्रत्येक ब्राउझरमध्ये सेटिंग करत बसा. हॉस्टेलमधल्या शेकडो मोबाइलांवर कोण करणार? तिथे माझं मत कीक्लोकला. साइट तुम्हाला एका लॉगिन पानावर पाठवते, पासवर्ड तिथेच टाकायचा, आणि साइटला मिळतं फक्त सही केलेलं टोकन. नंतर दुसरी साइट उघडली तर पुन्हा विचारणाही नाही. सॅमल २.० आणि ओपनआयडी कनेक्ट दोन्ही चालतात, आणि सध्याचा एलडॅपचा पट तसाच मागे ठेवता येतो. येल विद्यापीठात जन्मलेलं कॅसही आज हे सगळं करतं, पण त्याची बरीचशी मांडणी फाइलींमध्ये. कीक्लोकची पडद्यावर करता येते, म्हणजे आम्ही पास आउट झाल्यावर लॅब असिस्टंट काकांना रात्री आम्हाला फोन करावा लागणार नाही.

विरोधातले मुद्दे मला ऐकवले गेलेत. तो सर्व्हर बंद पडला तर सबमिशनच्या रात्री काहीच उघडणार नाही. खरं आहे. म्हणून एकावर भागवू नये, दोन मशीन्सवर चालवावं. दुसरं, लॅबच्या पीसीवर कोणी लॉगआउट न करता चहाला गेलं की त्याचं सगळंच उघडं. हेही खरं, आणि याची मला जास्त भीती वाटते. कीक्लोकमध्ये वापर नसताना सेशन किती वेळाने संपावं हे ठरवता येतं. मुळात अर्धा तास असतो. लॅबमध्ये मी तो दहा मिनिटांवर आणीन, मग शिव्या पडल्या तरी चालतील.

पुढच्या टर्मचा आराखडा ठरतोय असं ऐकते. सरांना विनंती, त्या मीटिंगला आम्हा थर्ड इयरवाल्यांबरोबर सेकंड इयरचेही दोघे बोलवा. आम्ही वर्षभरात जाऊ, सर्व्हर इथेच राहणार आहे. आणि आमची ती फेस्टची साइट आधी कीक्लोकला जोडून बघा. ते काम मी करीन.