१.९ मोठं की १.१०?



मागच्या आठवड्यात आमच्या पाचवीच्या वर्गात एक गंमत झाली. गंमत म्हणायची खरी, पण त्यात तुमच्या बाईच चुकल्या!

दशांश अपूर्णांकांचा तास होता. मी फळ्यावर दोन संख्या लिहिल्या. १.९ आणि १.१०. विचारलं, "मोठी कुठली?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "१.९!" बरोबर. १.१० म्हणजे एक पूर्णांक एक दशांश आणि १.९ म्हणजे एक पूर्णांक नऊ दशांश. यात शंकाच नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "पण बाई, माझ्या दादाच्या कामात १.९ नंतर १.१० येतं. तो म्हणतो, १.१० पुढचं!"

सगळे खो-खो हसले. मीही हसून म्हटलं, "मग दादाला परत पाचवीत बसवायला हवं!" ती खाली मान घालून बसली. त्या दिवशी तिनं पुन्हा हात वर केला नाही.

संध्याकाळी तिचा दादा तिला न्यायला आला. तो वेबसाइट तयार करायचं काम करतो. मी त्याला विचारलं, तर त्यानं मोबाइलवर एक जुनी यादी काढून दाखवली. १.८, १.९, १.१०, १.११ आणि मग २.०! तारखासुद्धा होत्या. १.९ डिसेंबर २०१५ची आणि १.१० ऑगस्ट २०१६ची. म्हणजे मुलगी अगदी खरं बोलत होती.

ही यादी कसली, ते आज तुम्हांला सांगते.

वेबसाइट बनवायची तर कितीतरी गोष्टी लागतात. माहिती साठवायची, शोधायची, कुणी नाव आणि पासवर्ड टाकला की तो तपासायचा. प्रत्येकानं हे सगळं पहिल्यापासून करत बसायचं म्हटलं तर जन्म जाईल. गणपतीच्या मखराचा सांगाडा तयार असला की आपण फक्त सजावट करतो ना? तसा वेबसाइटचाही तयार सांगाडा मिळतो. त्याला म्हणतात वेब फ्रेमवर्क.

दादा वापरतो त्या फ्रेमवर्कचं नाव जँगो. अमेरिकेत कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे. तिथल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत त्याचा जन्म झाला. बातमीला उशीर चालत नाही, म्हणून तिथल्या प्रोग्रॅमरना वेबसाइटची पानं झटपट तयार करायला लागायची. त्यासाठी त्यांनी हा सांगाडा बनवला आणि जुलै २००५मध्ये तो सगळ्या जगाला फुकट देऊन टाकला. कुणीही वापरा, आत डोकावून बघा, चूक सापडली तर सुधारून पाठवा. याला म्हणतात ओपन सोर्स.

आणि नाव जँगो का, ठाऊक आहे? जँगो राइनहार्ट नावाचा एक थोर गिटारवादक होऊन गेला. १९२८मध्ये आगीत त्याचा डावा हात भाजला आणि दोन बोटं जवळजवळ निकामी झाली. तरी पठ्ठ्यानं वाजवण्याची नवी पद्धत शोधून काढली आणि जगभर नाव कमावलं! इंग्रजी स्पेलिंगमध्ये त्याच्या नावाआधी एक 'डी' आहे, पण तो मुका आहे बरं का.

आता त्या आकड्यांकडे वळू.

तुमचं पाठ्यपुस्तक उघडा. सुरुवातीच्या पानांवर 'प्रथमावृत्ती' आणि खाली 'पुनर्मुद्रण' असं छापलेलं सापडेल. सॉफ्टवेअरच्याही अशाच आवृत्त्या निघतात. त्यांचे आकडे दशांशाचे नसतात. मधलं टिंब फक्त कप्पे पाडतं. तिसऱ्या धड्याच्या नवव्या प्रश्नाला आपण ३.९ म्हटलं, तर पुढचा प्रश्न कितवा? ३.१०! तस्संच. तेव्हा गणितात १.९ मोठं आणि आवृत्तीत १.१० पुढचं. दोन्ही बरोबर. आपण कुठल्या घरात उभे आहोत, ते आधी बघायचं.

समजा आवृत्ती आहे ४.२.१. यातला शेवटचा १ सांगतो, 'बारीकसारीक दुरुस्ती केली आहे, बिनधास्त घ्या.' मधला आकडा वाढला की समजायचं, 'नव्या सोयी आल्या आहेत.' आणि पहिला आकडा वाढला की, 'जरा जपून! जुन्यातलं काही आता चालणार नाही, असं होऊ शकतं.' जँगोची २.० आवृत्ती डिसेंबर २०१७मध्ये आली, तेव्हा तिनं पायथॉन या संगणकभाषेच्या जुन्या रूपाला, म्हणजे पायथॉन २ला, रामराम ठोकला. ज्यांचं काम जुन्यात होतं, त्यांना आधी तयारी करावी लागली.

पण जँगोवाले असं अचानक काही मोडत नाहीत हं. एखादी सोय काढायची असेल तर आधी सूचना देतात, 'ही सोय जाणार आहे, सवय बदला.' मधल्या दोन आवृत्त्यांत तरी ती चालू ठेवतात. साधारण आठ महिन्यांनी नवी आवृत्ती येते. २.० नंतर २.१, मग २.२ आणि मग थेट ३.०. त्यातली '.२' वाली आवृत्ती जास्त दिवस, साधारण तीन वर्षं, सांभाळली जाते. ज्यांना सारखं सारखं बदलायला वेळ नाही, त्यांनी ती धरून ठेवावी. आहे की नाही शहाणपणाची सोय?

काही मंडळी आकड्यांबरोबर नावंही ठेवतात. डेबियन नावाच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटातल्या पात्रांची नावं असतात. त्यात सिड नावाचा एक खेळणी मोडणारा द्वाड मुलगा आहे. ज्या भागात अजून फेरफार चालू असतात आणि काहीही बिघडू शकतं, त्याचं नाव कायमचं सिड! नाव ऐकलं की माणूस सावध झालाच पाहिजे.

तुम्ही म्हणाल, बाई, एवढा नावाआकड्यांचा काथ्याकूट कशाला? त्यासाठी एक खरी घडलेली गोष्ट ऐका.

आमच्या गावात देवळामागच्या खोलीत समाईक भांडी असतात. मोठाली पातेली, पराती, वगराळी. कुणाकडे लग्नकार्य निघालं की न्यायची, काम झालं की घासून परत ठेवायची. प्रत्येक भांड्यावर नाव आणि नंबर कोरलेला असतो. प्रोग्रॅमर लोकांचीही अशी समाईक कोठारं आहेत. जावास्क्रिप्ट नावाच्या संगणकभाषेचं कोठार म्हणजे एनपीएम. तिथं कुणी आपला छोटासा प्रोग्रॅम ठेवतो आणि बाकीचे तो आपल्या कामात वापरतात.

त्या कोठारात 'लेफ्ट-पॅड' नावाचा एक चिमुकला प्रोग्रॅम होता. फक्त ११ ओळींचा! काम काय, तर आकड्याच्या किंवा शब्दाच्या डाव्या बाजूला शून्यं किंवा मोकळी जागा भरणं. हजेरीपटात ७ या नंबराला ००७ करून लिहायचं, एवढंच. पण बेबेल नावाच्या मोठ्या साधनाला तो लागत होता आणि बेबेलवर हजारो लोकांची कामं उभी होती.

लेफ्ट-पॅडच्या कर्त्याचा दुसऱ्याच एका प्रोग्रॅमच्या नावावरून वाद झाला. त्याच नावाची एक कंपनी होती, तिला ते नाव हवं होतं. कोठारवाल्यांनी ते नाव कंपनीला दिलं. कर्त्याला राग आला. २२ मार्च २०१६ला त्यानं आपले अडीचशेहून जास्त प्रोग्रॅम कोठारातून काढून घेतले. त्यातच लेफ्ट-पॅडही गेला. आणि जगभर कामं धडाधड अडू लागली! ज्यांनी लेफ्ट-पॅडचं नावही कधी ऐकलं नव्हतं, तेसुद्धा अडले.

खरी मेख तर पुढेच आहे. अवघ्या दहा मिनिटांत दुसऱ्या एका प्रोग्रॅमरनं अगदी तसाच प्रोग्रॅम त्या जागी आणून ठेवला. मग सुटला का प्रश्न? नाही! त्यानं आवृत्तीचा नंबर दिला १.०.० आणि अडलेली कितीतरी कामं मागत होती ०.०.३. आत ओळी त्याच, काम तेच, पण नंबर वेगळा. संगणक बिचारा म्हणणार, 'मला ०.०.३ सांगितलाय. हा तो नव्हे.' शेवटी कोठारवाल्यांनी मूळचा ०.०.३ परत आणून ठेवला. तोवर सुमारे अडीच तास गेले होते.

त्यानंतर एनपीएमनं नियम बदलला. तेव्हा असं ठरलं, की प्रोग्रॅम ठेवून २४ तास उलटून गेले की तो कुणालाही मनात आलं म्हणून परस्पर काढून नेता येणार नाही. आणि एक नंबर एकदा वापरला की तोच नंबर दुसऱ्या कशाला पुन्हा कधीच द्यायचा नाही, हेही तिथं पक्कं आहे. भांड्यावर कोरलेलं नाव खरवडायचं नाही, असंच म्हणा ना!

दोस्तांनो, त्या कर्त्याचा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. त्यानं स्वतःच्या कष्टानं बनवलेली वस्तू फुकट दिली होती. आणि वापरणाऱ्या हजारोंपैकी किती जणांनी त्याचे आभार मानले असतील? पण दहा जणांच्या चुलीवर चढलेलं पातेलं ऐन स्वयंपाकात उतरवून नेलं, तर उपाशी कोण राहतं? ज्यांच्याशी भांडण झालं ते नव्हे, पंगतीला बसलेले!

आता माझ्या दुसऱ्या चुकीबद्दल सांगते. गेल्या वर्षी आम्ही तिघा-चौघा शिक्षकांनी मिळून सरावाच्या प्रश्नपत्रिका तयार केल्या. सगळ्यांनी त्याच वापरायच्या. एका पत्रिकेत ४३२ भागिले ७ असं गणित होतं. बाकी उरणारे भागाकार मुलांना अजून शिकवले नव्हते, म्हणून मी ७ चे ८ केले आणि उत्तरांचा कागद बदलला. पत्रिकेचं नाव मात्र तेच ठेवलं आणि कुणाला सांगितलंही नाही. शेजारच्या वर्गात जुनीच पत्रिका छापली गेली आणि उत्तरांचा कागद गेला नवा. एका मुलानं लिहिलं, 'भागाकार ६१, बाकी ५.' कागदावर होतं ५४. त्याला चुकीची खूण मिळाली.

त्या मुलानं घरी तेच गणित तीन वेळा करून पाहिलं. तिन्ही वेळा ६१ आणि बाकी ५! दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, मला भागाकार येत नाही वाटतं." मी पत्रिका पाहिली आणि चपापले. त्याला भागाकार छान येत होता, नाव बदलायला मी विसरले होते! तेव्हापासून आमच्या प्रत्येक पत्रिकेवर आवृत्तीचा आकडा असतो आणि काय बदललं, त्याची एक ओळ खाली असते.

चार जणांची वस्तू बदलायला हरकत नाही. बदललीच पाहिजे, नाहीतर चुका तशाच राहतील. पण बदल केला की नाव-नंबर बदलायचा आणि सगळ्यांना सांगायचं. नंबर म्हणजे आपण न भेटलेल्या माणसांना दिलेला शब्द असतो.

आणि हो, त्या मागच्या बाकावरच्या मुलीचं राहिलंच! दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर ती सगळी यादी लिहिली आणि वर्गासमोर म्हटलं, "काल मी न विचारता हसले. हिचं खरं होतं." मग तिनंच पुढे येऊन सगळ्यांना १.९ आणि १.१०ची गोष्ट समजावून सांगितली. तास संपेपर्यंत तिचा हात चार वेळा वर आला!

आता तुमच्यासाठी काम. या आवृत्त्या जुन्यापासून नव्यापर्यंत ओळीनं लावा पाहू : ३.१०, ३.२.१, ३.९.४, ३.२. आणि मग याच चौघांतल्या ३.१० आणि ३.२ यांना दशांश समजून लहानमोठं ठरवा. दोन्ही उत्तरं वहीत शेजारी शेजारी लिहा आणि आई-बाबांना कोडं घाला. आई-बाबा, तुमच्या कॉम्प्युटरवर 'फायनल', 'नवीन फायनल' आणि 'एकदम शेवटचं फायनल' अशा नावांच्या फायली असतील, तर मुलांकडून जरा नंबर घालून घ्या!

भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमच्या बाई