खाटांची गणती आणि परिचारिकेची तयारी

पुण्यात रोगाची साथ आली की नगराच्या कारभाऱ्यांना प्रथम खाटांची आठवण होते. किती खाटा सज्ज आहेत, त्यांपैकी प्राणवायूच्या किती आणि व्हेंटिलेटरच्या किती, याचे आकडे रोज जाहीर होतात आणि नागरिकही त्या आकड्यांवरून आपल्या सुरक्षिततेचा अंदाज बांधतात. परंतु रात्री तीन वाजता त्या खाटेशेजारी कोण उभे आहे, तिने अतिदक्षता विभागात यापूर्वी किती दिवस काढले आहेत आणि तिच्याकडे आणखी किती रुग्ण सोपविलेले आहेत, याला त्या तक्त्यात रकाना नसतो. ज्या खाटेस शिकून तयार झालेली परिचारिका नाही, ती अतिदक्षतेची म्हणून मोजण्याचा अधिकार कोणत्याही रुग्णालयास असू नये, आणि नवख्या परिचारिकेस तयारीवाचून तेथे एकटीला उभे करणे हा रुग्णाइतकाच तिच्यावरही अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सेवाभावाचा धडा या शहराला बाहेरून घ्यावा लागलेला नाही. १८९७ च्या प्लेगात, पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूस उघडलेल्या दवाखान्यात रुग्ण पोहोचविताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. त्या आत्मार्पणाचे स्मरण पुणेकर कृतज्ञतेने करतात. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, १९०९ मध्ये, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या परिश्रमांनी पुण्यात सेवासदन उभे राहिले. आणि परिचर्या हे घरंदाज स्त्रीला न शोभणारे काम समजले जात असताना त्या संस्थेने हिंदू कुटुंबांतील स्त्रियांना, विशेषतः विधवांना, ससून इस्पितळात रीतसर शिक्षण घेण्याचा मार्ग खुला करून दिला, ही घटना मात्र आपल्या स्मरणात तितकीशी राहिलेली नाही. एकीने प्राण वेचले, दुसरीने शिकलेल्या हातांची परंपरा सुरू केली. संकटकाळी आपण पहिलीचा जयजयकार करतो आणि दुसरीने दाखविलेली वाट विसरतो.

कोरोनाच्या काळात हेच घडले. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले रुग्ण पुण्यात आढळले आणि त्यांना महापालिकेच्या डॉ. नायडू रुग्णालयात ठेवण्यात आले. २२ मार्चला थाळ्या वाजल्या. त्याच आठवड्याच्या अखेरीस नायडूमधील परिचारिका छाया जगताप यांना खुद्द पंतप्रधानांचा दूरध्वनी आला आणि साऱ्या देशाला त्यांचे कौतुक वाटले. ते कौतुक खरे होते. पण ऑगस्टमध्ये शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर आठशे खाटांचे जम्बो रुग्णालय काही आठवड्यांत उभारले गेले, त्यांत दोनशे खाटा अतिदक्षतेच्या म्हणून जाहीर झाल्या, आणि पहिल्या काही दिवसांतच मनुष्यबळाच्या व व्यवस्थापनाच्या तक्रारी इतक्या वाढल्या की चालविणारी यंत्रणाच बदलावी लागली. मंडप, नळ आणि यंत्रे ठेकेदार मुदतीत आणून देऊ शकतो; अनुभवी परिचारिका कोणत्याही निविदेतून महिनाभरात निर्माण होत नाही. पुढे मे २०२१ मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना, बी.एस्सी. वा जीएनएम उत्तीर्ण परिचारिकांना वरिष्ठांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविडसेवेत घ्यावे, आणि शंभर दिवस काम करणाऱ्यांना सरकारी नोकरभरतीत प्राधान्य द्यावे, असा निर्णय केंद्र सरकारने केला. त्यातील ‘वरिष्ठांच्या देखरेखीखाली’ हे शब्द सर्वांत मोलाचे होते. आणि जेथे वरिष्ठांनाच चार-चार, सहा-सहा रुग्ण पाहावे लागत होते, तेथे नवीन मुलीवर देखरेख ठेवायला उसंत कोणापाशी असणार?

अतिदक्षता विभागातील काम म्हणजे वॉर्डातील कामाचीच थोडी कठीण आवृत्ती, असा समज सर्वत्र आढळतो. तो किती चुकीचा आहे हे जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत पसरलेल्या जीबीएसने, म्हणजेच गुलेन बॅरे सिंड्रोमने, दाखवून दिले. दोनशेहून अधिक लोकांना ग्रासणाऱ्या त्या साथीत अनेकांना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. या रोगात हातपाय आणि श्वसनाचे स्नायू लुळे पडतात, पण जाणीव शाबूत राहते; रुग्ण ऐकतो, समजतो, भितो, आणि बोलू मात्र शकत नाही. त्याच्या नळीत कफ साचला आहे हे प्राणवायूची पातळी घसरण्यापूर्वी ओळखणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ठराविक वेळाने कूस बदलणे आणि ते करताना नळी जागची हलू न देणे, पापण्या मिटत नसतील तर डोळे कोरडे पडू न देणे, रक्तदाब एकाएकी चढउतार करू लागला तर डॉक्टरांना वेळेवर बोलावणे, आणि पापणीच्या उघडझापीवरून त्याचे ‘हो’ आणि ‘नाही’ समजून घेणे, ही सारी कामे परिचारिकेची आहेत. मॉनिटर आणि इन्फ्यूजन पंप दिवसभर वाजतच असतात. त्यांतील कोणत्या आवाजाला धावायचे आणि कोणता केवळ सैल झालेल्या वायरीचा आहे, हे पुस्तकातून कळत नाही. अनुभवी सिस्टर यंत्राकडे पाहण्याआधी रुग्णाच्या छातीकडे पाहते. नवखी यंत्राकडे पाहत राहते. हा फरक बुद्धीचा नाही, शेजारी उभे राहून कोणी शिकविले की नाही याचा आहे.

यावर असा आक्षेप येईल की, साथीच्या धामधुमीत शिकवीत बसायला सवड कोणाला, आणि मिळतील ते हात कामाला लावणे भागच असते. आक्षेप खोटा नाही. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वास बंद पडलेल्या रुग्णांच्या कंठात नळी घालून रबरी फुग्याने हवा देण्याची तजवीज केली, आणि सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून अहोरात्र ते फुगे हाताने दाबले. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम त्या वॉर्डात आहे. परंतु त्या विद्यार्थ्यांना एकच मर्यादित काम दिले होते, ते नीट शिकविले होते, आणि जाणत्यांची नजर त्यांच्यावर होती. अख्खा रुग्ण त्यांच्या हवाली केला नव्हता. संकटात नवख्यांना घ्यायचेच असेल तर ते याच रीतीने घ्यावे: एका अनुभवी परिचारिकेच्या हाताखाली दोन-तीन नव्या, प्रत्येकीची कामे मुक्रर केलेली, आणि निर्णयाची जबाबदारी अनुभवी व्यक्तीकडे.

पण खरी तयारी साथ नसतानाच्या वर्षांत व्हावयाची असते. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकाप्रमाणे अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीत एका खाटेस एक परिचारिका हवी. तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्या, रजा आणि आजारपण हिशेबात धरले तर एका खाटेमागे चारांहून अधिक परिचारिका लागतात. म्हणजे दोनशे खाटांची घोषणा ही आठशेहून अधिक प्रशिक्षित परिचारिकांची घोषणा असावयास हवी. तेव्हा माझ्या सूचना तीन आहेत. अतिदक्षता विभागात नव्याने आलेल्या परिचारिकेस पहिले तीन महिने त्या प्रमाणात मोजू नये. ती वरिष्ठेच्या सोबत काम करील आणि वरिष्ठेने लेखी दाखला दिल्यावरच स्वतंत्र रुग्ण घेईल. महापालिका आणि ससून यांनी आपल्या सामान्य वॉर्डांतील परिचारिकांना दरवर्षी काही आठवडे आळीपाळीने अतिदक्षता विभागात नेमावे आणि अशा तयार हातांची नोंदवही अद्ययावत ठेवावी. आणि प्रत्येक रुग्णालयाने, सरकारी असो वा खासगी, त्या पाळीत किती रुग्ण व किती परिचारिका आहेत हे विभागाच्या दारावर लिहावे, म्हणजे बाहेर बसलेल्या नातेवाइकांना ते वाचता येईल.

यास पैसा लागेल, हे उघड आहे. शिकून तयार झालेली परिचारिका टिकावी असे वाटत असेल तर तिचे वेतनही तसे हवे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांत राज्य सरकारी परिचारिकांइतके, आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयांतही दरमहा किमान वीस हजार रुपये वेतन सुचविले होते. सरकारी सेवेतील अवस्थाही समाधानकारक नाही: मे २०२२ मध्ये राज्यातील परिचारिकांनी संप केला तो बाह्यस्रोतांतून होणाऱ्या भरतीच्या विरोधात. आज आहे, सहा महिन्यांनी नाही, अशी कंत्राटी परिचारिका पुढच्या नव्या मुलीला शिकविण्यापूर्वीच निघून जाते, आणि तिच्याबरोबर तिने रात्री जागून मिळविलेली विद्याही जाते.

येत्या अंदाजपत्रकात महापालिकेने नव्या यंत्रांच्या रकमेशेजारी ती चालविणाऱ्या परिचारिकांच्या प्रशिक्षणाची रक्कम स्वतंत्र दाखवावी, आणि सभासदांनी ती नसल्यास यंत्रांच्या खरेदीस मंजुरी देऊ नये. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा आजच रुजू झालेली मुलगी दुसरीला शिकविण्याइतकी तयार असावी की नाही, हे ठरविणे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे.