ध्यान हा शब्द कोणाचा?

प्रायश्चित्तकाळातील एकान्तसाधनेची पत्रिका निघाली की अलीकडे एक हरकत हमखास येते. 'ध्यान' हा शब्द योग्यांचा. आपल्या ख्रिस्तमंदिरात तो कशाला? त्यापेक्षा 'कॉन्टेम्प्लेशन' म्हणावे, तो निखळ कॅथलिक! ही हरकत श्रद्धेपोटी येते हे आम्ही जाणतो. परंतु ती अज्ञानावर उभी आहे, हे स्पष्ट सांगणे भाग आहे.

लॅटिन भाषेत 'टेम्प्लम' म्हणजे मुळात देवळाची इमारत नव्हे. रोमन शकुनवेत्ते आकाशाचा वा भूमीचा एक भाग आखून घेत आणि तेथे पक्ष्यांचे उड्डाण न्याहाळून ज्युपिटरचा कौल ठरवीत. ती आखलेली जागा म्हणजे टेम्प्लम. 'कॉन्टेम्प्लेशन' त्यातूनच आले. कौल पाहणाऱ्यांचा हा शब्द ख्रिस्तसभेने उचलला आणि परमेश्वरावर खिळलेल्या दृष्टीसाठी वापरला. बाराव्या शतकात दुसरा ग्विगो या कार्थुसियन मठप्रमुखाने वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान अशी शिडी रचली. तिच्या शेवटच्या पायरीवर हाच शब्द आहे.

उलट 'ध्यान' ज्या 'ध्यै' धातूपासून आले, त्याचा अर्थ केवळ चिंतन करणे. शकुन नाही, कौल नाही. 'मनन'मधील 'मन्' तर लॅटिन 'मेन्स'चा भाषिक गोत्रज! विटाळ मानायचाच, तर कोणत्या शब्दाचा? आणि मग 'देव', 'भक्ती', 'कृपा' हे शब्दही परत करावे लागतील. १६१६ साली छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त फादर थॉमस स्टीफन्स यांनी स्वर्गाला वैकुंठ म्हटले. त्यांचा विश्वास डळमळला नाही.

रोमच्या १५ ऑक्टोबर १९८९च्या पत्राचा दाखला आमच्यापुढे ठेवला जातो. पौर्वात्य पद्धतींनी लाभलेली मनःशांती म्हणजे पवित्र आत्म्याचे सांत्वन असे समजू नका, असा इशारा त्यात आहे आणि तो रास्तच आहे. मात्र केवळ ख्रिस्ती नाहीत म्हणून या पद्धती धिक्कारू नयेत, हेही त्याच पत्रात आहे. अर्धे पत्र वाचून अख्खा शब्द बहिष्कृत करणे न्यायाचे नव्हे.

मेंढपाळ आल्यावर पवित्र मारियेने त्या साऱ्या गोष्टी अंतःकरणात जपून त्यांचे मनन केले, असे संत लूक सांगतो. तेथील ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ एकत्र टाकणे, जुळवून पाहणे. त्याला निवांतपणा लागतो. आपल्याकडे ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतरची मौनाची दोन मिनिटे सहलीच्या आणि सोडतीच्या घोषणांत जातात. त्याविरुद्ध मात्र आजवर एकही हरकतपत्र आमच्या हाती आलेले नाही.