विमा दवाखान्याचा, गोळी मात्र पदरची

जुलै महिन्यातली गोष्ट. गगनबावड्याचा पाऊस म्हणजे काय ते इथं राहणारीलाच ठाऊक. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं, कोल्हापूरची एस्टी बंद झाली. शेजारच्या आत्तींकडे सहज डोकावले, तर त्या विळीवर काहीतरी बारीक कापत बसलेल्या. बघते तर बीपीची गोळी!

"अवो आत्ती, हे काय चाललंय?"

"अगं, पाकीट संपत आलंय. रस्ता सुरू होईस्तोवर अर्धी-अर्धी घेतली तर पुरंल की. आणि आता बरं वाटतंय, मग रोज एवढं पैसं कशाला घालवायचं?"

सून आतून म्हणाली, "ह्यांनी पुण्यात आत्तींचा मेडिक्लेम काढलाय. वर्षाला एवढा हप्ता जातो, मग गोळ्यांचे पैसे का मिळत नाहीत हो?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न घराघरांतला आहे. उत्तर कडू आहे, पण एकदा समजून घेतलं तर महिन्याच्या खर्चातले बरेच पैसे वाचतील.

विमा कशाचा असतो?

आपल्याकडचा आरोग्य विमा बहुतेक वेळा अ‍ॅडमिट झाल्यावरचा असतो. बीपी, साखर, थायरॉईड, सांधेदुखी यांच्या रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. बाह्यरुग्ण खर्चाची सोय असलेल्या पॉलिसी मिळतात, पण त्यांचा हप्ता जास्त आणि मर्यादा कमी. वार्षिक मर्यादा हप्त्यातल्या वाढीपेक्षा जास्त आहे का, एवढा हिशोब वहीत मांडल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

सरकारी योजनांचंही तसंच. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमधून कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. त्यासाठी 'आयुष्मान वय वंदना' कार्ड आधारवर निघतं. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षणही १ जुलै २०२४ पासून ५ लाखांचं झालं. दोन्ही योजना मोलाच्या आहेत. पण त्यातही औषधं मिळतात ती अ‍ॅडमिट असतानाची आणि घरी सोडल्यावर थोडे दिवसांची. आयुष्मानमध्ये ते १५ दिवस आहेत. सोळाव्या दिवसापासून कनवटीचाच पैसा.

म्हणजे बघा, बीपीची गोळी चुकली आणि आत्तींना अर्धांगाचा झटका आला, तर त्या उपचाराला लाखांचं संरक्षण आहे. तो झटका टाळणाऱ्या गोळीला मात्र विमा नाही. हा उलटा न्याय आपल्या धोरणातच आहे.

तिकडे अमेरिकेत २००६ पासून ज्येष्ठांसाठी सरकारच्या मेडिकेअरमध्ये खास औषधांचा विमा आहे. २०२५ पासून त्यात एक नियम आला. योजनेत बसणाऱ्या औषधांसाठी ज्येष्ठाला वर्षाला २,००० डॉलरच्या वर पदरचे घालावे लागू नयेत, अशी मर्यादा घातली गेली (२०२६ साठी ती २,१००). तिथली औषधं भयंकर महाग, हप्ताही भरावा लागतो, हे खरं. पण रोजची गोळी हा विम्याचा विषय आहे, हे तिथं मान्य झालंय. आपल्याकडे ते व्हायचंय.

ज्यांच्याकडे आहे, त्यांनाच माहीत नाही

आपल्याकडेही काहींना औषधांचं संरक्षण आहे. कोल्हापूर जिल्हा फौजी जिल्हा. निवृत्त सैनिकांसाठी २००३ साली ईसीएचएस सुरू झाली. सभासद माजी सैनिक, त्याची पत्नी आणि सैनिकाची विधवा यांना पॉलिक्लिनिकमधून रोजची औषधंही मिळतात. पती गेल्यावर कितीतरी बायका कार्ड ट्रंकेत ठेवून देतात. ते बाहेर काढा.

दुसरं ईएसआय. मुलगा शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत असेल आणि पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या, तुटपुंज्या उत्पन्नाच्या आईवडिलांनाही तिथं औषधोपचार मिळू शकतो. मात्र त्यांची नावं नोंदलेली हवीत. अनेक पोरं बायको-मुलांची नावं घालतात आणि आईचं राहून जातं. किमान पाच वर्षं या विम्यात राहून निवृत्त झालेल्या कामगारालाही वर्षाला अगदी थोडी रक्कम भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी उपचार चालू ठेवता येतात.

फुकट मिळतं, ते आधी

या दोन्हीत न बसणाऱ्यांनी काय करायचं? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, गगनबावड्याचं ग्रामीण रुग्णालय हे सगळे त्यात आले. बीपी-साखरेच्या रुग्णांची तिथं नोंद होते आणि नेहमीच्या गोळ्या दिल्या जातात. आशाताईंना विचारा, त्या नाव नोंदवायला मदत करतील. (कोल्हापूरचं सीपीआर वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं, त्यामुळे तिथले नियम वेगळे.)

"सरकारी गोळीला गुण नाही" म्हणून नाक मुरडणाऱ्या पुष्कळ. पण नेमानं घेतलेली सरकारी गोळी ही अर्धी कापलेल्या महागड्या गोळीपेक्षा शंभर पटीनं बरी. गोळी मानवते का ते बीपी मोजून ठरवा, पाकिटाच्या चकाकीवरून नको.

नाव वाचा, कंपनी नको

तिथं न मिळणारी औषधं विकत घ्यायचीच, तर पाकिटावर मोठ्या अक्षरांत असतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव. आतल्या औषधाचं खरं नाव लहान अक्षरांत असतं. तेच औषध वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या भावाला विकतात. सरकारची जनऔषधी केंद्रं २००८ पासून सुरू झाली आणि २०२५ च्या सुरुवातीला देशात १५ हजारांवर गेली. तिथली औषधं नामवंत ब्रँडपेक्षा साधारण ५० ते ८० टक्के स्वस्त असतात. समजा महिन्याला १,००० रुपयांच्या गोळ्या लागतात. त्यातली निम्मी बचत धरली तरी वर्षाला ६,००० रुपये उरतात.

एक अडचण लक्षात घ्या. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ब्रँड लिहिला असेल, तर औषध दुकानदारानं परस्पर बदलून देणं नियमात बसत नाही. म्हणून डॉक्टरांनाच हात जोडून सांगायचं, "साहेब, औषधाचं मूळ नाव लिहून द्या, जनऔषधीतून आणणार आहे." यात लाजायचं काय? सुटी, मिरगीसारखी काही औषधं मात्र कंपनी बदलताना डॉक्टरांना विचारूनच बदलावीत.

जवळपास केंद्र कुठं आहे आणि भाव काय, ते 'जनऔषधी सुगम' या अ‍ॅपवर दिसतं. नातवाला सांगा, दोन मिनिटांत काढून देईल. केंद्रात प्रत्येक वेळी सगळं औषध असतंच असं नाही, म्हणून पाकीट अगदी संपेपर्यंत थांबू नका.

हप्ता भरताय, तर हेही बघा

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. पावतीवर तो लागलाय का ते तपासा. जानेवारी २०२५ च्या आदेशानुसार ज्येष्ठांच्या पॉलिसीचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावं लागतं. आणि अ‍ॅडमिट झाल्यानंतरची औषधं बहुतेक पॉलिसींत ठरावीक दिवस मिळतात, कितीतरींत ६० दिवस. ती बिलं आपण फेकून देतो! चिठ्ठी आणि बिलं एका पिशवीत ठेवा. मेडिक्लेम असला तरी ७० वर्षांवरच्यांना वय वंदना कार्ड काढता येतं. शंका असेल तर १४५५५ वर फोन करा.

आणि आपल्या पावसाचं काय?

इथं जून ते सप्टेंबर घरात भिंतीला ओल येते, तशी गोळ्यांनाही. पाकिटातून काढून डबीत ओतू नका. नाव आणि मुदतही त्या पाकिटावरच असते. घट्ट झाकणाच्या डब्यात पाकिटासकट ठेवा, चुलीजवळ नको. मे महिन्यात तांदूळ, मिरची, लाकडं भरतो तशा दोन महिन्यांच्या गोळ्याही भरा. बचत गटातली एखादी कोल्हापूरला निघाली तर चार घरच्या चिठ्ठ्या तिच्याकडे द्या. मात्र आल्यावर प्रत्येकीनं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळवून घ्या.

शेवटचं एक. घरात काटकसर सुरू झाली की पहिली कात्री लागते ती म्हाताऱ्या बाईच्या औषधाला, आणि ती कात्री बहुतेक वेळा तिनं स्वतःच लावलेली असते. मालकांच्या गोळ्या चुकत नाहीत, नातवाचा खाऊ चुकत नाही. त्यामुळे आज घरी आत्तींचा, आईचा डबा उघडून बघा. आमच्या शेजारच्या आत्तींचं नाव आता ग्रामीण रुग्णालयात नोंदलंय. विळी पुन्हा भाजी चिरायला लागली, आणि गोळी आख्खी पोटात जाते.